तीर्थाले पाणी कोण म्हणते

नाही ताई, प्रसाद नाही हो त्याच्यात, हात नका लावू — तुम्ही नमस्कार केला म्हणून सांगून राहिली, नाही तर गपच बसली असती. भरतकामाचा रुमाल पाहून फसल्या ना तुम्ही. या डबीत जे आहे तेच इथं बसलेल्या साऱ्यांच्या डबीत आहे, त्यांनी पेपरात गुंडाळलं अन् मी रुमालात, एवढाच फरक. आता अशी वस्तू घेऊन सदर बाजारातून यायचं म्हणजे ओळखीचं कोणी भेटणारच — भेटल्याच कुमुदबाई, सोनाराच्या दुकानासमोर. म्हणे, काय घडवलं, दाखवा तरी. मी म्हटलं घरचंच आहे, नवीन काही नाही. तुम्हाले मराठी समजते ना? हव म्हणता म्हणजे समजते.

माझ्यासाठी नाही हो, नातवासाठी आली मी. पराग, तीन वर्षांचा — तो आत आहे डॉक्टरीणबाईजवळ, आईसोबत. आमचे हे रेल्वेत होते, जिंदगी सारी पुरानी बस्तीत गेली, मग हे गेले, मग रायपूर राजधानी झालं, आमच्या सुशीलले मंत्रालयात नोकरी लागली अन् साहेबाले तेलीबांध्याकडे फ्लॅट पाहिजे झाला. सून राधिका नागपूरची, शाळेत शिकवत होती. सारं छान चाललं होतं, पण पावसाळ्यापासून पोट्ट्याचं पोट फुगलेलं अन् हातपाय काड्या. शी अशी की — जाऊ द्या, तुम्ही नाश्ता करून आल्या असाल — चिकट, तेलकट, घाण वासाची. मी पहिले म्हटलं दात येऊन राहिले. तीन वर्षांच्या पोराले दात, अन् तेही तोंडात दिसून राहिले सारेच्या सारे, पण माझं म्हणणं म्हणजे म्हणणं. मग ओवा दिला, हिंग लावला, दृष्ट काढली — माझीच लागली असेल म्हणून स्वतःवरूनही उतरवून टाकली.

शेवटी राधिकानं इथं आणलं. शीची पहिली तपासणी साफ. मी सांगत फिरली, पाहा, काही नाही, डॉक्टर लोक उगाच घाबरवते. पण या बाई म्हणे, हा किडा रोज दिसत नाही, दोन-तीनदा पाहावं लागते. अन् दिसला. जिआर्डिया — नाव ऐकून मले वाटलं साडीचा नवीन प्रकार आहे. डोळ्याले दिसत नाही, पाण्यातून पोटात जाते, आतड्याले चिकटून बसते अन् खाल्लेलं अंगी लागू देत नाही. औषध दिलं, पोट्टा बरा झाला. पुन्हा झालं. पुन्हा औषध, पुन्हा बरा, अन् आता पाहा, पुन्हा तेच.

काहून होऊन राहिलं, हेच तर कोणाले समजत नाही. अन् मी तर घरात पाण्याची ठाणेदार झाली होती ताई. पाण्याचा गंज चुलीवर ठेवला की खळखळ उकळी येऊन वर थोडा वेळ जाईपर्यंत मी हलत नव्हती. दात घासायचं पाणी उकळलेलं, भाजी धुवायचं उकळलेलं. हात साबणानं धुतले की नाही ते मी हुंगून पाहते. गुपचुपवाल्याले, म्हणजे पाणीपुरीवाल्याले, गल्लीत उभं राहू देत नाही. दूधवाल्या नरहरीले तर इतकं बोलली की तो आता दूध दारात ठेवून पळते. अन् राधिकाले — तिलेही बोलली. नोकरी करणाऱ्या बाईचं पोर असंच राहते म्हटलं. तिच्या आईले फोनवर सांगितलं, ती बाजूले उभी असताना. तिनं शाळेची नोकरी सोडून दिली अन् आज संध्याकाळच्या गाडीनं पोराले घेऊन नागपूरले चालली. म्हणे, इथलं पाणी त्याले मानत नाही. किती दिवस जाते ते सांगत नाही, अन् सुशील विचारत नाही. पराग माझ्या कुशीत झोपते हो. तो गेला तर मी त्या फ्लॅटात काय करू, लिफ्टमध्ये वर-खाली करत बसू?

हो, माझी तपासणी त्याच्यासाठीच. सुशील अन् राधिकाचे रिपोर्ट साफ आले, तर बाई म्हणे आता आजीचं पाहू. मले काय धाड भरली. ढेकर येते थोडे, सडक्या अंड्यासारखे — पण मी जन्मात अंडं खाल्लं नाही, तर तसं सांगू कशी डॉक्टरले? म्हणून लपवलं. रात्री पोट गुडगुडलं की मी मोठ्यानं रामरक्षा म्हणते.

काय म्हणता? नाही, दुसरं काहीच पीत नाही तो. माझ्या हातचं सारं. उठला की कोमट पाणी, उकळलेलं. मग दूध. मग माझी पूजा झाली की तीर्थ, मग शाळेत न्यायचं —

अवो ते बाळकृष्णाले आंघोळ घातलेलं. ते कुठं पाणी आहे, तीर्थाले पाणी कोण म्हणते. उकळून कसं चालेल, उकळलेलं देवाले चालत नाही. अन् नळाचं मले चालत नाही, वायसरात चामडं असते म्हणायची आमची सासू. मी रोज ऑटोनं पुरानी बस्तीत जाते, आमच्या जुन्या पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या, विहिरीचं पाणी कळशीत घेऊन येते. साऱ्या पाऱ्यानं पिलं ते पाणी, कोणाले काही झालं नाही. आता त्या दिवाकर कंत्राटदारानं विहिरीले लागूनच नवीन घरं बांधली, संडासाचे खड्डे काढले, हे खरं आहे. पावसाळ्यात थोडा वास आला होता. पण मी गाळून घेते ना. पदरानं.

थांबा ताई, जरा थांबा.

सुशील तीर्थ घेत नाही, त्याले घाई राहते. राधिकाले शाळेची बस राहायची. घेते कोण — मी अन् पराग. त्याले आवडते, तुळशीचं पान असते ना, ओंजळ पुढे करते अन् म्हणते आजी, आणखी. आजारी पडला तसं मी संध्याकाळीही सुरू केलं, आशीर्वाद जास्त लागला पाहिजे म्हणून. तो जितका वाळला तितक्या मी पळ्या वाढवल्या. दिवाळीत नागपूरले राहिला तर गाल धरले होते, अन् मी काय म्हटलं — आईले सुटी होती म्हणून. साऱ्या घरावर पहारा दिला मी, अन् चोराले रोज ऑटोत मांडीवर बसवून घरी आणलं. बाळकृष्ण बिचारा तेच पाणी अंगावर घेऊन राहिला, बोलत नाही म्हणून वाचली मी.

तुम्ही कोणाले सांगू नका हं. मी काय करते, उद्यापासून गुपचाप घरचं उकळून थंड केलेलं घालते देवाले, त्याले काय समजते. पोट्टा औषधानं बरा झाला म्हणतील, माझी इज्जत भी राहते. पण उद्या कुठून ताई, गाडी तर आज आहे. तिकडे तो बरा होईलच — अन् बरा झाला की मग इकडे कोण आणते त्याले? अन् ती पोट्टी तिथं आपल्या आईजवळ बसून विचार करत राहील की माझ्याच नोकरीनं पोराचे हाल झाले. मीच तर शिकवलं तिले तसं समजायले. लाज वाटून राहिली मले, ताई. डॉक्टरीणबाईनं मघाशी दारातच विचारलं, आजी, दुसरं कोणतं पाणी देता? मी छाती काढून म्हटलं, एक थेंब नाही.

दार उघडलं. तीच आहे, निळ्या साडीतली. खांद्यावर झोपला पोट्टा — पाहा, एका हातानं उचलला तिनं, वजनच राहिलं नाही. नाही, हे माझं नाव नाही, तुमचंच पुकारून राहिले. राधिका, इकडे ये. डोळे कोरडे आहेत माझे, तू बस पहिले. गाडीले वेळ आहे अजून. पोराले दे माझ्याजवळ अन् नाही द्यायचं तर नको देऊ, पण बस. — जा ना ताई तुम्ही आत, काहून उभ्या राहिल्या? मले माझ्या सुनेजवळ बोलायचं आहे.