ताटातला भरडा

— नाय नाय, ती जाळी सायकलवरच राहू दे, आधी वट्यावर टेक जरा. किशोरनं, माझ्या लेकानं, त्या नव्या मोबाइलवरनं बोलावलं ना तुला? म्हाताऱ्या कोंबड्या घेऊन जा म्हनला असंल. कंपनीतनं आल्यावर त्याला अंगनात घान दिसती. बघ तर खरं आधी. ती चितकबरी — अंडं नाय देत, खोटं कशाला बोलू — पन तुरा बघ कसा लाल हाय. तुझ्या गंगापूर रोडच्या चिकनच्या दुकानात असा तुरा येतो का? नसंलच येत.

दिवाळीला मातर नुसता सांगाडा राह्यला व्हता ह्या कोंबड्यांचा. म्हातारपनी चोचले लय. मका तेवढा निवडून खायचा, अन् बाकी भरडा, पेंड, शिंपल्याचा चुरा — सगळं पायानं उधळायचं. बारीक दळून दिलं, शिवलं नाय. ताकात कालवलं, एक चोच मारली अन् चालल्या. सुकट घातली तर सुकट वेचून पळाल्या. नुसत्या मक्यावर अंगात ताकद कुठनं येनार? एका कोपऱ्यात बसून राह्यच्या, पिसं फुगवून.

मग पल्लवीनं, सुनंनं, युक्ती काढली. म्हनली, आत्या, यांना वाढलेलं नको, चोरलेलं पाहिजे — भरडा तुमच्या ताटात घ्या, वट्यावर जेवायला बसा, अन् त्या आल्या की हुसका. मी हसले. पन बसले, हुड हुड केलं, तर काय सांगू तुला, अशा तुटून पडल्या, शिंपल्याच्या चुऱ्यासगट सगळं साफ. फकस्त मी खरंच जेवलं पाहिजे. नुसतं ताट धरून बसले तर लांबनं बघत राहतात, लबाड. म्हनून पल्लवी ताट भरून वाढती — भाकरी, वरन, मेथीची भाजी, उकडलेलं अंडं. ताट भरलेलं दिसलं तरच त्या फसतात, असं ती म्हनती.

त्याच्या आधी? आधी मी चहात बटर बुडवायची, झालं जेवान. आमचे मालक गेले ना गेल्या सालाला — लग्नापासनं आम्ही दोघं ह्याच वट्यावर जेवायचो, ते गेल्यावर घास उतरंना. नळापाशी चक्कर येऊन पडले, डॉक्टर रागावला, पल्लवी हाता-पाया पडली, पन मी कुनाचं ऐकती का? ताट सारायची मी. मका निवडून बाकी उधळनाऱ्या ह्या कोंबड्यांवानीच — काय हसतो रं?

थांब. ह्या तर अंडी देत नायत. मग माझ्या ताटात रोज अंडं कुठनं येतं? इकत आनती असंल. अन् भरडा तर ताटाच्या कडंला मूठभरच असतो, बाकी सगळं मानसाचंच जेवान.

बाई बाई. काय पोरगी हाय.

तिला बोलू नको हां, मला कळलं म्हनून. तिला चालवू दे तिचं. अन् किशोरला मी बघते — ह्या गेल्या तर मी कुनासंगं जेवू, एवढंच विचारते त्याला. चल, ऊठ आता, सायकल वळव. पल्लवीनं ताट आनलं बघ, अन् परका मानूस बसला की त्या जवळ येत नायत.