‘तात्पुरता’ न लिहिणाऱ्या महापौरबाई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शहराचे नवनिर्वाचित महापौर आदरणीय वकीलसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या मावळत्या महापौरबाई. व्यासपीठावर विराजमान मुख्य अभियंताबाई आणि सर्वपक्षीय नगरसेवक. समोर बसलेले माझे सहकारी, निमंत्रित नागरिक. आणि मागच्या दाराशी उभे असलेले आमचे वाहनचालक बंधू, ज्यांना पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत हे मी मघापासून हाताने सांगतो आहे, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

‘मावळत्या’ हा शब्द पत्रिकेत मीच घातला. बाईंनी पत्रिका वाचली आणि विचारलं, “मी काय सूर्य आहे का?” मी म्हटलं, बाई, ‘माजी’ लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? त्या म्हणाल्या, “बरं वाटायचा प्रश्न कुठे आला? खरं आहे ना, मग लिहायचं.” मंडळी, या बाईंबरोबर इतकी वर्षं काम करणं म्हणजे काय, ते तुम्हाला यावरून कळावं.

मी महापौरांचा स्वीय सचिव. कोणाची भेट घडवायची आणि कोणाला जिन्यातूनच गोड बोलून परत पाठवायचं, हे माझं काम. अनेक महापौर पाहिले. कोणी खुर्चीवर बसण्याआधी ती झटकून घेत, कोणी आरशात बघून मगच पत्रकारांना आत बोलवत. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तक्रारीचे फोन कोण घेतं?” मी म्हटलं, कनिष्ठ लिपिक. तेव्हापासून सकाळी पहिला तास ते फोन त्यांनी स्वतः घेतले. लोकांना खरं वाटायचं नाही. एका आजोबांनी तर त्यांना झापलं होतं, “उगाच महापौर असल्याची बतावणी करू नकोस, मोठ्या साहेबांना दे!” बाईंनी फोन माझ्याकडे दिला. माझा आवाज जाड, त्यामुळे आजोबांचं समाधान झालं आणि त्यांच्या गल्लीतला दिवाही लागला.

असो. मी कौतुक करायला उभा आहे आणि कौतुक करताना पुलाला वळसा घालून पुढे जाणं मला जमणार नाही. तसाही वळसा घालून आपण सगळेच कंटाळलो आहोत.

नदीवरचा जुना पूल महापौरपदाच्या थेट निवडणुकीच्या तोंडावर बंद झाला, हे आपण जाणता. अभियंताबाईंनी खालचे खांब तपासले आणि सांगितलं, हा उद्या पडेल की दहा वर्षांनी, ते मी सांगू शकत नाही. पण दुरुस्त होणार नाही, एवढं सांगते. बाईंनी त्याच दिवशी पूल बंद केला. मग प्रश्न आला फलकाचा. फलक रंगवणाऱ्याने विचारलं, “‘तात्पुरता बंद’ ना? नेहमी तेच लिहितो.” बाई म्हणाल्या, “नाही. लिहा, पूल बंद. पुन्हा उघडणार नाही.”

त्या संध्याकाळी बाईंच्या पक्षातली वडीलधारी मंडळी दालनात आली. दार बंद होतं, पण आवाज असे होते की दाराचा काही उपयोग नव्हता. “एक शब्द, बाई! फक्त एक शब्द वाढवा. निवडणूक झाली की काढून टाका. नदीपलीकडचे दोन्ही प्रभाग हातचे जातील!” बाई शांतपणे म्हणाल्या, “तात्पुरता म्हटलं की माणूस रोज जाऊन बघतो, उघडला का म्हणून. घर बदलत नाही, दुकान हलवत नाही, मुलाची शाळा बदलत नाही. नुसता वाट बघत बसतो. मी लोकांना अशी वाट बघायला लावणार नाही.”

आता, याच शब्दासाठी आणखी एक व्यक्ती आली होती. ती मात्र पक्षातली नव्हती. बाईंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा या ताईंनीच बाईंना वाढवलं, वेणी घातली, फी भरली, कान पिळले. ताईंचं शिवणकामाचं दुकान नदीपलीकडे, पुलाच्या अगदी तोंडाशी. निम्मं गिऱ्हाईक पुलावरून चालत यायचं. ताई म्हणाल्या, “अगं, निदान तात्पुरता तरी लिही. गिऱ्हाईक धरून राहील.” बाई म्हणाल्या, “ताई, दुकान अलीकडे हलव. मी जागा शोधू लागते.” ताई उठल्या आणि चहा तसाच ठेवून गेल्या. मतदानाच्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं, “मी तुला मत दिलेलं नाही. मागाहून दुसऱ्याकडून कळायला नको, म्हणून सांगते.” बाई हसत हसत बाहेर आल्या. “खरं बोलायचं हे खूळ आमच्या घरातच आहे,” म्हणाल्या.

निकालाचा दिवस. दालनात आम्ही सगळे दूरदर्शन संचासमोर. रिमोट चालत नव्हता, म्हणून आमचा शिपाई संचाला चिकटून उभा राहून बटणं दाबत होता आणि नेमका आकडा आला की त्याचं डोकं मध्ये! “अरे, बाजूला हो!” असं ओरडतच आम्ही अर्धा निकाल ऐकला. बाई सकाळपासून पुढे होत्या. कोणीतरी पेढे सांगायची भाषाही करू लागलं. बाई कोपऱ्यात बसून फायली वाचत होत्या. शेवटी नदीपलीकडचे दोन प्रभाग उरले. ते आले आणि खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

बाईंनी फाईल मिटली. “फोन लावा.” मी विचारलं, कोणाला? “नव्या महापौरांना. लवकर लावा, नाहीतर अभिनंदनाच्या गर्दीत त्यांना स्वतःचाच फोन सापडायचा नाही.”

अध्यक्षमहोदय, आपल्याला तो फोन आठवत असेल. त्यात बाईंनी आपलं अभिनंदन केलं आणि दुसऱ्या दिवशी पुलाखाली भेटायला बोलावलं. आपण प्रचारात म्हणाला होता, पहिल्याच दिवशी पूल उघडेन. (बाई, मला खुणा करू नका. आता मी आपल्या हाताखाली नाही.)

पुलाखाली आम्ही चौघंच होतो. हे दोघे महापौर, अभियंताबाई आणि छत्री धरायला मी. अभियंताबाईंनी खांबाच्या भेगेत आपला पूर्ण हात घातला. कोपरापर्यंत. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “मी लोकांना शब्द देऊन बसलो आहे. आता काय सांगू?” त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पाहू, डागडुजी करू, चार दिवस उघडू. साहेबांनी तसं म्हटलं नाही, हेही आज सांगायला हवं.

आणि बाई? ज्या माणसाने त्यांना याच पुलावरून हरवलं, त्याला त्या म्हणू शकल्या असत्या, आता निस्तरा. कोणी दोष दिला असता का? त्या म्हणाल्या, “सूत्रं तुमच्याकडे यायला अजून थोडे दिवस आहेत. पूल पाडण्याच्या आदेशावर मी सही करते. तुम्ही आल्याआल्या शब्द मोडलात तर पुढे तुमचं कोणी ऐकणार नाही, आणि नवा पूल तुम्हालाच बांधायचा आहे. शिव्यांची मला सवय झाली आहे, तुम्हाला व्हायची आहे.”

सही झाली. वर्तमानपत्रांनी काय छापलं, ते आपण वाचलंत. ‘हरल्याचा सूड.’ नदीपलीकडच्यांनी मतं दिली नाहीत म्हणून जाता जाता त्यांचा पूल पाडला. बाईंनी खुलासा केला नाही. मला बजावलं, तोंड उघडायचं नाही.

मग मी आज ते कसं उघडलं? सकाळी मी हे भाषण वकीलसाहेबांना दाखवलं. विचारलं, पुलाचा भाग गाळू का? त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, “गाळलात तर मी अध्यक्षपदी बसणार नाही. आणि ‘चेहरा उतरला’ हे सौम्य आहे. मी घाबरलो होतो.” साहेब, आपल्याबरोबरही माझं जमेल असं दिसतंय.

पण खरं सांगतो, मी हे शहरासाठी बोललो नाही. शहर आज ना उद्या समजून घेईल, नवा पूल झाला की विसरूनही जाईल. मी बोललो ते तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलेल्या ताईंसाठी. त्यांना पत्रिका मी स्वतः नेऊन दिली. त्या येणार नव्हत्या. वर्तमानपत्र वाचून त्यांनी बाईंशी बोलणं टाकलं आहे. पूल पाडून बाईंनी नदीपलीकडच्यांवर सूड घेतला, आणि त्या नदीपलीकडच्यांत आपणही आलो, आपल्या एका मताची शिक्षा मिळाली, असं ताईंच्या मनाने घेतलं.

बाईंनी तुम्हाला तरी का सांगितलं नाही, ताई? मी विचारलं होतं. म्हणाल्या, “ताईच्या दुकानात कापड टिकतं, बातमी टिकत नाही. तिला सांगितलं की वकीलसाहेब गेले कामातून.” हे म्हणून हसल्या आणि लगेच डोळे पुसले. गेले काही दिवस त्या माझ्याकडून तुमचा नंबर लावून घेतात आणि तो वाजायच्या आत ठेवायला सांगतात. ताई, त्यांना मत गमावल्याचं दुःख नाही. तुमची हाक गेली, तिचं आहे.

भेटी ठरवणं हे माझं काम. बाईंच्या कारकिर्दीतली शेवटची भेट मी कोणालाही न विचारता ठरवली आहे. वकीलसाहेबांचं भाषण संपल्यावर, डावीकडच्या छोट्या खोलीत. चहा दोनच कप सांगितला आहे. बाकी कोणी तिकडे फिरकू नये, दारावर मी स्वतः उभा असेन. भेटीला वेळेची मर्यादा नाही. असं मी आजवर कोणत्याही भेटीपुढे लिहिलेलं नाही.

आयोजकांनी मला बोलू दिलं, अध्यक्षांनी मोठ्या मनाने ऐकून घेतलं, आणि आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे साथ दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर तो माझ्या वयाचा दोष समजून पोटात घालावा. बाईंची आज्ञा मोडली, त्याबद्दल मात्र मी आत्ता क्षमा मागत नाही.

कारण बाई, माझ्याकडे रागाने बघताय खऱ्या, पण जरा समोर बघा. ताई उठल्या आहेत, आणि त्या दाराकडे नाही, डावीकडे चालल्या आहेत.