चौसष्ट सेकंद

थांब, घाई करू नकोस — 'विषय' झाला, 'धावण्याच्या संघातून नाव कमी करण्याबाबत' — पुढे? कारण लिहावं लागतं, पोरी. कारणाशिवाय अर्ज म्हणजे पायाशिवाय खुर्ची, दिसते पण बसता येत नाही. छत्तीस वर्षं क्रीडा कार्यालयात कारकुनी केलीय मी. अख्खी गल्ली अर्ज लिहायला माझ्याकडेच येते, अक्षर बरं आहे म्हणून. बाकी माझं फारसं काही बरं नाही. हं, बोल. — 'आपल्यात तेवढं नाही'? हे कुणी सांगितलं? सरांनी? — म्हणजे सरांच्या वहीतल्या आकड्यानं. बरं. आणि धावताना तुला काय वाटलं? — वही राहू दे गं, पाय काय म्हणत होते? खाली काय बघतेस, फरशीवर उत्तर लिहिलेलं नाही. अजून एक फेरी सहज मारली असती, असं वाटलं होतं ना? — वाटलं होतं. मग?

एक गोष्ट सांगतो, मग लिहू. आमच्या कार्यालयात एक कारकून होता. सज्जन माणूस — म्हणजे भित्रा. कार्यालयात दोन्ही एकच. शर्यतींच्या दिवशी माणसं कमी पडली की कारकुनाच्याही हातात घड्याळ द्यायचे. त्या दिवशी मुलींची चारशे मीटर. साठ सेकंदांच्या आत येईल ती मोठ्या शिबिराला जाणार — पण तोवर कोणी आलीच नव्हती, सत्तर-बाहत्तरलाच टाळ्या पडायच्या. आणि एक सोळा वर्षांची पोरगी, अनवाणी, अशी आली की — त्यानं घड्याळ थांबवलं, बघतो तर अठ्ठावन्न. अठ्ठावन्न! आता कारकुनाला आनंद होत नसतो, त्याला शंका येते. आपण घड्याळ उशिरा सुरू केलं असेल, आखणाऱ्यानं धावण्याचा पट्टा आखूड आखला असेल — आणि वरून शेरा आला तर, 'हा आकडा कसा? खुलासा करावा'? त्यात मुलगी नात्यातली, लोक म्हणणार, घरचं घड्याळ घरच्यांसाठी हळू चालतं. म्हणून त्यानं चौसष्ट लिहिलं. चौसष्ट फार गुणी आकडा. पहिला नंबरही येतो आणि कुणी काही विचारतही नाही.

काय? — नात्यातली म्हणालो का मी? — बहीण. त्याची — माझी. माझी धाकटी. सुटलं तोंडातून, आता असू दे.

संध्याकाळी नळावर पाय धूत होती. म्हणाली, "दादा, आज पाय जमिनीला लागतच नव्हते रे. किती झाले?" मी म्हटलं, चौसष्ट. तिनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या पायांकडे — खोटं बोलताना पकडलेल्या माणसाकडे बघतात ना, तसं. "मग मला उगाचच वाटलं," म्हणाली, आणि नळ बंद केला. बस. रडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे टेप घेऊन मी पट्टा मोजला — चारशे. पुन्हा मोजला — चारशे. घड्याळ रेडिओच्या ठोक्यांशी लावून पाहिलं, केसाचाही फरक नाही. दुरुस्तीला तीन दिवसांची मुदत असते. तिन्ही दिवस निकालाच्या कपाटाची किल्ली खिशात घेऊन हिंडलो. चौथ्या दिवशी कागद वर गेले. पुढच्या वर्षी तिनं नावच दिलं नाही. कुणी अडवलं नव्हतं, बरं का — आईनं तर बूट आणले होते. तिचं तिनंच ठरवलं, आपल्यात तेवढं नाही. अगदी तुझेच शब्द. आता कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसते, बसल्या जागी पाय हलवत, तीस वर्षं. आणि मी सकाळी मैदानाच्या कडेनं फिरायला जातो, तिथे चिटपाखरू नसतं, तरी पावलं ऐकू येतात. अनवाणी. आपोआप सेकंद मोजायला लागतो. दर वेळी अठ्ठावन्नच भरतात — एकदा तरी चौसष्ट भरावेत, म्हणजे मी सुटेन.

तेव्हा हे कारण मी लिहिणार नाही. सरांना म्हण, पुन्हा वेळ लावा, दोन माणसं दोन घड्याळं घेऊन उभी करा. तरी कमी पडलीस तर ये, असा अर्ज लिहून देईन की सर फ्रेम करून लावतील. — काय? तिला सांगितलं का? — तू आपलं बघ की — नाही. बापू, शिपाई आमचा, त्यालाही कधी — नाही सांगितलं. सांगून काय, बावन्नाव्या वर्षी तिनं —

श्श. जिना ऐक. आली ती. तिसरा मजला हा, मी दोनदा थांबतो. ही एकेक पायरी गाळून चढते. धाप ऐकू येते? नाही येत. परवा मलाच विचारत होती, "दादा, मी दमत कशी नाही रे?" — कागद उचल. ऊठ. ऊठ म्हणतो ना! दारात भेटेल, तिला वाट दे, आणि तोंडातून एक अक्षर काढू नकोस. जा.