पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड

— रागावलो? छे हो डॉक्टर, मी कशाला रागावतोय. रागावलो असतो तर मुद्दाम निरोप धाडून भरदुपारी दुकानात बोलावलं असतं का, आणि वर चहा पाजला असता का? ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, तिच्यावर मी घासाघीस करणारं गिऱ्हाईक बसवतो — ही घ्या. ही नानांची, रविवारी कोणी तिला हात लावत नाही, पण आज बुधवार आहे, बसा. तर काय म्हणत होतो — गेल्या रविवारी तुम्ही जे बोललात त्याबद्दल. ते चूक होतं असं मी म्हणतच नाही. बरोबर की चूक हा मुद्दाच नाही. तुम्ही दातांचे डॉक्टर, दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगता. माझी विनंती एवढीच, की रविवारचे दोन तास तुमचं बंद ठेवा. बस, संपलं. चहा घ्या.

हो, कारण सांगायला हवं, ते खरं. तुम्ही आमच्या रविवारच्या मंडळीत नवे — चौथाच रविवार ना? — तुम्हाला वाटलं असेल हा खेळ आहे. लेबलवर कागद चिकटवायचा, रेकॉर्ड लावायची, आणि ओळखा पाहू कोण वाजवतंय. खेळच आहे. पण माझं दुकानही त्याच खेळावर चालतं, तुम्हाला सांगायला हरकत नाही. या सगळ्या जुन्या जाझच्या रेकॉर्डी, निम्म्यांची कव्हरं गेलेली, लेबलं खरवडलेली — गिऱ्हाईक विचारतं, ट्रम्पेट कोणाचा? मी डोळे मिटतो, आठ-दहा सेकंद, जास्त नाही, जास्त मिटले तर लोकांना वाटतं डुलकी लागली — आणि सांगतो, डावऱ्या. सॅक्सोफोन असेल तर झोपाळू. तो तालाच्या मागून मागून येतो ना, जांभया देत, पण पोचतो बरोबर वेळेवर. ही नावं आमचीच बरं का, खरी नावं आमच्यात कोणालाच धड उच्चारता येत नाहीत, एकदा पोस्टमास्तरांनी प्रयत्न केला तर कवळी निसटली. तर मी नाव सांगतो, आणि गिऱ्हाईक मान डोलवत रेकॉर्ड घेऊन जातं. या गल्लीत मला 'कान' म्हणतात, माहीत आहे ना? नुसतं कान. "कानाला विचार, तो सांगेल." शाळा सातवीपर्यंत, बाप भंगार विकायचा, आणि आज प्रोफेसर लोक मला विचारायला येतात, की हा ड्रम ब्रशनं वाजवलाय की काठीनं. मला त्याचा गर्व नाही. थोडा आहे.

येतो ना, नानांकडेच येतोय. नानांनी चाळीस वर्षं घरोघर जाऊन लोकांचे पियानो सुरात लावून दिले. माणूस इतका सज्जन, की बेसूर पियानोला बेसूर म्हणत नाहीत, म्हणतात "जरा दमलाय." ही सवलत मला मात्र नव्हती. सुरुवातीला ते रविवारी यायला लागले तेव्हा मी म्हणायचो डावऱ्या, आणि ते खाली बघत, हळूच, "डावऱ्याचा धाकटा भाऊ असावा." भाऊच निघायचा. मी म्हणायचो, हा उतारवयातला झोपाळू, तर ते म्हणायचे, "श्वास तरुण वाटतो हो." चारचौघांत. एकदा तर डावऱ्याची म्हणून रेकॉर्ड घेऊन निघालेला माणूस दारातून परत आला आणि ती काउंटरवर ठेवून गेला. नानांचा हेतू वाईट नव्हता, खरं ऐकू आलं की तोंडातून निघायचं, एवढंच. पण शनिवार संध्याकाळपासूनच मी रविवार टाळायची निमित्तं शोधायला लागलो.

आणि मग एका रविवारी नानांनी ते सांगितलं. तरुणपणी एकदा, एकदाच, त्यांनी रेकॉर्डवर वाजवलं होतं. गेले होते स्टुडिओतला पियानो लावायला, आणि वाजवणारा आलाच नाही, तर बँडचा म्होरक्या म्हणाला, लावलाच आहेस तर वाजवूनही टाक. एक दुपार, चार गाणी. पुढे ती कंपनीच बंद पडली, रेकॉर्ड बाजारात आली नाही ती नाहीच. सांगताना हसत होते. सांगून झाल्यावर बराच वेळ चष्मा पुसत बसले, चष्म्याला काही झालेलं नसताना. आणि योगायोग बघा — दोन महिन्यांनी एका रिकाम्या केलेल्या घरातल्या खोक्यात मला ती पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड मिळाली, बाजारात जाण्याआधी चाचणीसाठी काढतात तसली. छापील अक्षर एक नाही, फक्त पेन्सिलीनं महिना आणि साल, नानांनी सांगितलेलंच. रविवारी लावली. डोळे मिटले. म्हटलं, नाना, हे तुम्ही आहात. नानांनी सुई वर येईपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "असेल." मग थोड्या वेळानं, "दुसरी बाजू लावता?" तेव्हापासून दर रविवारी शेवटची रेकॉर्ड तीच. बारा वर्षं झाली.

आणि गेल्या रविवारी नाना हात धुवायला उठले, आणि तुम्ही म्हणालात, हे नाना नव्हेत. डावा हात ऐका म्हणालात — खालचा सूर आणि वरचा सूर, पियानोच्या दहा पांढऱ्या पट्ट्यांचा पल्ला, आणि दोन्ही एकदम वाजतात, एकामागून एक नाही. एवढा पंजा नानांचा नाही, आठ पट्ट्या घेतानाच त्यांची करंगळी तुटायला येते. पोस्टमास्तर हसले, बेकरीवाला हसला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. मोठ्यानं कोण हसतो, डॉक्टर? ज्याला ठाऊक असतं तो.

पेन्सिल माझी होती. हो. अक्षरही माझंच, डाव्या हातानं काढलेलं. अशा बिननावाच्या डझनभर रेकॉर्डी पडल्या होत्या माझ्याकडे, त्यातली बरी वाजणारी निवडली, जुन्या कपड्यांच्या ढिगातून एखाद्याच्या अंगचा शर्ट शोधावा तशी — आणि मापातच चुकलो. पण दयेपोटी केलं हो. म्हातारा माणूस, आयुष्यातली एक दुपार हरवलेली, ती मी त्याला आणून दिली. यात वाईट काय? बायकोलाही परवा हेच सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "त्यानंतर त्यांनी तुमची चूक किती वेळा काढली?" म्हटलं, एकदाही नाही. म्हणाली, "मग झालं तर." आणि पुढचा सदरा घेतला. आता बायको म्हणजे — नाही, तिचं खोटं नाही. ती रेकॉर्ड लावली त्याच्या पुढच्याच रविवारी माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं डावऱ्या, सवयीनं नानांकडे पाहिलं, आणि नाना गप्प. दोन रविवार गप्प, चार रविवार गप्प. निमित्तं शोधणं थांबलं ते थांबलंच. ठरवून केलं नव्हतं, शपथेवर सांगतो, पण लक्षात आल्यावर थांबवलंही नाही — रेकॉर्ड लावत राहिलो, ते गप्प राहिले, माझा कान मोठा होत गेला. असो. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगायचं एवढंच, की नाना पंचाहत्तरीच्या पुढे गेलेत, त्यांची ती एक दुपार आहे, ती या वयात काढून घेऊ नका. माझं काय व्हायचं ते होवो. म्हणजे, माझंही शक्यतो होऊ नये, पण ते नंतरचं.

काय? — तसं बोलायला कोणी सांगितलं म्हणालात?

नानांनी. तुम्हाला. कुठे, दवाखान्यात? दाढ दाखवायला आले होते, बरं. आणि म्हणाले, माझ्याच्यानं बोलवत नाही, तुम्ही बोला, मी हात धुवायच्या निमित्तानं उठतो — आणि ते दहा पट्ट्यांचंही त्यांनीच सांगितलं? वाटलंच मला. चार रविवारांत इतका कान तयार होत नाही कोणाचा.

थांबा हो जरा. म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. बरोबरच आहे, स्वतःचा हात माणसाला ओळखू येणार नाही का, एवढा साधा विचार मी — आणि तरी बारा वर्षं ते या खुर्चीत बसून परक्या माणसाच्या पियानोला मान डोलवत राहिले. का? शब्द सांगा, त्यांचे नेमके शब्द. — "त्यांनी एवढं मनापासून दिलं, मग त्यांचा ट्रम्पेट चुकला हे कुठल्या तोंडानं सांगू?" असं म्हणाले. म्हणजे चुकत होता. बारा वर्षं चुकत होता. किती, विचारलंत का? — निम्मे. निम्मे म्हणाले. म्हणजे डॉक्टर, बेसुराला दमलाय म्हणणारा माणूस निम्मे म्हणतो, तेव्हा खरे किती धरायचे?

हसू नका. हसा, हसा, मीही हसतोच आहे. पण मग आत्ताच का? बारा वर्षं गप्प बसले ते अजून चार बसले असते. — काय म्हणाले? पुन्हा सांगा. "ती चार गाणी आता आठवत नाहीत." पूर्वी मनातल्या मनात वाजवायचे, झोपायच्या आधी. आता डोळे मिटले की ही रेकॉर्ड सुरू होते.

तो कप द्या इकडे, चहा निवलाय.

बरं. बरं, असं करा. रविवारी या. मी शेवटी ती लावीन, आणि तुम्ही तेच सगळं पुन्हा बोला, पण नाना बसलेले असताना, त्यांच्या देखत. मी वाद घालीन. घालायलाच हवा, नाहीतर त्यांच्या लक्षात येईल आपण भेटलो ते. पण तुम्ही हटू नका, पोस्टमास्तर कितीही हसले तरी. मग मी डोळे मिटून म्हणेन, चुकलो — हे मला जमेल की नाही कोण जाणे, कधी म्हटलेलं नाही, घरी म्हणून बघतो आधी. आणि मग विचारीन, हे नाना नाहीत तर कोण? नाही, नानांनी तुम्हाला नाव सांगितलं असलं तरी तुम्ही सांगू नका, आत्ताही नको आणि तेव्हाही नको. मी नानांकडे बघून विचारीन. ते खाली बघतील, थोडा वेळ घेतील, आणि सांगतील. चारचौघांत. आणि मी दुसरं काहीतरी म्हणेन, म्हणजे त्यांना माझी चूक काढता येईल.

निघा आता. दारात गिऱ्हाईक आलंय. नाही आलं, पण निघा तुम्ही.