चांदवडची गाडी येईपर्यंत

नाशिकच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे चांदवडचे बापलेक.

"तेजल, अजून इचार कर. इथंच एम.एस्सी. कर."

"अण्णा, पाचच्या आत पुण्यात कागद दाखवले नाहीत तर माझी जागा जाईल."

"इथं वर्गात अकरा पोरं. तिथं दीडशे. कोन वळखंल तुला?"

"कोणी नाही."

"इथं तुझी चांदवडची गाडी आल्याबिगर सर शिकवायला लागत नाय. तूच सांगायची कौतुकानं."

"तेच तर! तीन वर्षं सगळा वर्ग माझ्यासाठी थांबला. मी कधी धावलेच नाही."

"मंग वाईट काय त्यात? पहिली आली ना?"

"अकरांत, अण्णा. पुण्याच्या प्रवेश परीक्षेत एकशे अठरावी."

"पहिलीची एकशे अठरावी व्हायला चालली. लय शहाणी हाय!"

"हो. चालले."

"सरांचा फोन आला व्हता सकाळी. म्हनले, एम.एस्सी.च्या यादीतलं तिचं नाव खोडत नाय मी. कधीबी येऊ द्या."

"अजून थांबलेत ते माझ्यासाठी."

"रडती कशाला?"

"सांगा त्यांना, खोडा म्हणावं."

"मी नाय सांगनार."

"मग मी सांगते. गाडीत बसल्यावर. अण्णा, लागली बघा पुण्याची गाडी! तिकडे, शेवटच्या फलाटावर!"

"दम खा. डायवरला हात करतो, थांबंल तो."

"नका करू हात. पळा!"

"...पिशवी दे इकडं. तू पळ म्होरं, हात मोकळे ठिव."