आयशीच्या खोलीतली जाळी

वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर, रांगेत माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या घरात एसी बसवणारा मितेश दिसला.

"कसलो डक्ट घातलंस रे मितेश? हवा बरी येता, पण आमच्या खोलीतलो शब्द न् शब्द आयशीच्या खोलीत ऐकाक जाता!"

"भाऊ, डक्टाक वळण देवया, आत फोम लावया, नायतर आवाज जातलो, असा मी सांगलेलंय. तुमीच म्हणालात, सरळ घाल."

"मगे जोरात सांगाक होया होता!"

"बरा, उद्या येऊन वळण देतंय."

"आता कोणासाठी? परवा आयशीन तिच्या खोलीतल्या डक्टाच्या जाळीत लुगडा कोंबल्यान. आज सकाळी पिशवी भरून शिरोड्याक माझ्या भयणीकडे गेली."

"असा काय ऐकल्यान तिना?"

"तू डक्टाचा बोल!"