रांगेतला शेवटचा

नवरा : अगं, पण ते माणसाचं काउंटर चालू आहे ना अजून! तिकडे जाऊ. हे आपलं आपणच बिल करायचं डबडं बघूनच मला घाम फुटतो.

बायको : चालू कसलं? पुढच्या आठवड्यात तेही उखडणार आहेत. ते काही नाही. टोपली इथे ठेवा. आधी दूध काढा.

नवरा : तूच कर ना. जन्म गेला तुझा इथे.

बायको : जन्म गेला तो काउंटरच्या त्या बाजूला. आणि परवा डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत, विसरलात? नंतर कितीतरी दिवस मला साधी पिशवी उचलायची नाही. दूध काय शेजारी आणून देणार?

नवरा : शेजारी चांगले आहेत आपले.

बायको : अहो!

नवरा : बरं बरं. हे काढलं दूध. पुढे?

बायको : काळ्या रेघा काचेकडे करा.

नवरा : केल्या. ढिम्म हलत नाही काही.

बायको : हलेल कसं? रेघा तुमच्याकडे बघतायत. फिरवा. हं, आता.

नवरा : वाजलं! वाजलं गं!

बायको : वाजणारच. पिशवीत ठेवा. मी जरा टेकते, दम लागलाय.

(ती पिशवीच्या जागेवर कोपर टेकते. मशीनचा लाल दिवा लागतो. दुकानातली मदतनीस मुलगी धावत येते.)

मदतनीस : थांबा थांबा काका, आले मी. काही स्कॅन न करता ठेवलंत का? मशीन म्हणतंय, इथे वजन जास्त आहे.

नवरा : माझी बायको आहे ती. हिच्यावर रेघा नाहीत.

मदतनीस : अय्या! मावशी, हात काढता का जरा?

बायको : काढते गं. जुनी सवय. गिऱ्हाईक नसलं की अशाच टेकायचो आम्ही. तेवढाच पायांना आराम.

मदतनीस : म्हणजे तुम्ही इथे कामाला होतात?

नवरा : कामाला? अगं, चार नंबरचं काउंटर म्हणजे हीच! तुझी ही डबडी उभी आहेत ना, बरोब्बर तिथे. तेव्हा रेघाबिघा नव्हत्या. वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवलेली. ही एकदा बघायची नि बोटं आपली खटाखट, खटाखट. बटणांकडे नजर नाही. माझ्याकडे.

बायको : तुमच्याकडे कशाला बघू? रांगेकडे बघायचे मी.

नवरा : रांग तर काय, हिची सगळ्यांत लांब! बाजूची काउंटरं माश्या मारतायत आणि बायका सगळ्या हिच्याकडे. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा गुडघा धरलाय, सगळं हिला ठाऊक. मॅनेजर नुसता दातओठ खायचा.

बायको : आणि त्या रांगेत हे, हातात एक साबण घेऊन. रोज.

मदतनीस : रोज एक साबण?

बायको : लग्न होऊन घरी गेले, कपाट उघडलं, तर साबण धडाधड अंगावर आले माझ्या. सासूबाई म्हणतात, मला वाटलं, पोराला स्वच्छतेचं वेड लागलंय.

नवरा : माझंच सांग सगळं. तू काय कमी होतीस? पाटीचं सांग की तिला.

बायको : काही नको. टोमॅटो घ्या.

मदतनीस : सांगा ना मावशी!

बायको : अगं, काउंटर बंद करायची वेळ झाली की शेवटच्या गिऱ्हाइकामागे पाटी ठेवायची, 'काउंटर बंद' म्हणून. मग त्याच्यामागे कुणी उभं राहायचं नाही. पण शेवटचा कोण, ते आम्हीच ठरवायचं. मी आपली हळूच बघायचे, साबण कुठवर आलाय. तो रांगेत आला की त्याच्यामागे पाटी.

नवरा : पहिल्यांदा ठेवली तेव्हा मला वाटलं, हाकलतेय मला ही. मागे वळून बघतो तर कुणीच नाही. कुणाची घाई नाही, कुणाचे धक्के नाहीत. म्हटलं, आता तरी तोंड उघड लेका.

बायको : उघडलंत आणि म्हणालात, 'साबण चांगला आहे.'

नवरा : चांगलाच होता!

मदतनीस : कसलं भारी! नाहीतर मी. दिवसभर लाल दिवे विझवत फिरते. कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

बायको : तू बोलत राहा गं. बघतील. अहो, टोमॅटो!

नवरा : ह्याला रेघा नाहीत.

मदतनीस : चित्र निवडायचं काका, हे...

बायको : तू नको दाखवूस. त्यांचं त्यांना करू दे.

नवरा : हे?

बायको : ते सफरचंद.

नवरा : लाल आहे की!

बायको : मी नसताना टोमॅटो काय सफरचंदाच्या भावाने खाणार आहात?

नवरा : तू नसताना मी काही खाणारच नाही.

बायको : असं बोलू नका.

नवरा : मग तू का बोलतेस? सकाळपासून तेच, मी नसताना, मी नसताना. कपड्यांचं मशीन कसं लावायचं, कुलपाची दुसरी किल्ली कुठे, आता हे. नुसती आवराआवर चाललीय तुझी. भीती वाटते मला. कळतंय का?

बायको : मलाही वाटते. तुमच्यापेक्षा जास्त वाटते. पण ऑपरेशनला आत जाताना तुम्ही स्वयंपाकघरात उपाशी बसलेले दिसत राहिलात, तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही हो. एवढी एक काळजी तरी मिटवा माझी.

नवरा : ...टोमॅटो कुठला म्हणालीस?

बायको : दुसऱ्या ओळीत. हां. आता पिशवीत. मग अंडी, रेघा दाखवून. अंडी वर.

नवरा : अंडी वर, ते मला कळतं. तू भरलेल्या पिशव्या आयुष्यभर मीच उचलल्यात.

मदतनीस : आता 'पूर्ण झालं' दाबा काका. कार्ड टेकवा. हे बघा, आलं बिल! सगळं तुम्ही एकट्याने केलंत!

बायको : शिकलात हो. आता मी निश्चिंत जाते.

नवरा : नाही जमलं मला.

मदतनीस : अहो काका, जमलं की! बिल तुमच्या हातात आहे.

नवरा : तू थांब गं पोरी. नाही म्हणजे नाही जमलं. हिला बरी होऊन परत यावं लागणार आहे, शिकवायला.